ॲम्स्टेलचा खाइसब्रेख्त: एका डच जहागीरदाराचा उदय आणि अस्त (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

२७ जून १२९६ या दिवशी हॉलंडचा (आजच्या नेदरलँड्सच्या पश्चिमेकडचा तेव्हाचा एक प्रांत) काउंट, म्हणजे तिथला राज्यकर्ता, पाचवा फ्लोरिस याला त्याच्याच सरदारांनी ठार केलं. नेदरलँड्सच्या मध्ययुगातली ही सर्वांत गाजलेली घटना. त्या कटातलं एक ठळक नाव खाइसब्रेख्त फान ॲम्स्टेल. कुणी त्याला स्वामिद्रोही म्हणतं, कुणी शहराचा वीरपुरुष. त्याच्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे जरा सविस्तर दिली आहेत.

खाइसब्रेख्त फान ॲम्स्टेल म्हणजे नेमका कोण?

तेराव्या शतकातला, ॲम्स्टेल नदीकाठचा जहागीरदार. या घराण्यात खाइसब्रेख्त नावाचे बरेच जण होऊन गेले, म्हणून इतिहासकार त्याला चौथा खाइसब्रेख्त म्हणतात. घराण्याचं मूळ ठाणं नदीकाठी वर औडरकेर्क या गावी होतं. आज जिथे ॲम्स्टरडॅम उभं आहे, तो भाग त्याच्या अमलाखाली येत होता. तेव्हा तिथे शहर नव्हतं. नदीवर घातलेला एक बांध आणि त्या बांधालगत कोळी, नावाडी, छोटे व्यापारी यांची वस्ती, एवढंच होतं.

घराणं मूळचं उमरावांचं होतं का?

नाही, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काही उलगडत नाही. ॲम्स्टेलचे पूर्वज हे युट्रेख्तच्या बिशपचे चाकर होते. त्या काळच्या जर्मन साम्राज्यात असा एक वर्ग होता: घोडा, तलवार, हुद्दा, सारवसुली सगळं हातात, पण कायद्याच्या नजरेत माणूस स्वतंत्र नाही, तो धन्याचा. ११०५ च्या सुमाराच्या कागदात वोल्फखेर नावाचा यांचा पूर्वज बिशपच्या वतीने ॲम्स्टेल भागाचा अंमलदार म्हणून भेटतो.

पुढच्या दीडशे वर्षांत बापाचा हुद्दा मुलाकडे जात राहिला. आपल्याकडे पाटीलकीचं वतन जसं पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं की ते कुणी दिलं होतं याचा गावाला विसर पडायचा, तसंच हे झालं. खाइसब्रेख्तच्या हाती कारभार आला तोवर घराणं स्वतःला ॲम्स्टेलचे धनी समजत होतं. बिशपच्या दप्तरात मात्र ते अजूनही चाकरच होते. एकाच जमिनीविषयीच्या या दोन समजुती कधीतरी एकमेकींवर आदळणारच होत्या.

बिशप तर धर्मगुरू. त्याच्याकडे किल्ले आणि फौज कशी?

युट्रेख्तचा बिशप हा फक्त धर्मगुरू नव्हता, तो राज्यकर्ताही होता. जर्मन सम्राटांनी दहाव्या-अकराव्या शतकात मुद्दाम बिशपांना मोठमोठे प्रदेश दिले. हेतू सरळ होता. बिशपला औरस वारस नसतो, म्हणून तो मेला की प्रदेश पुन्हा सम्राटाच्या मर्जीने दुसऱ्याला देता येतो. ११२२ मध्ये वॉर्म्सचा करार झाला आणि बिशप निवडायचा अधिकार सम्राटाच्या हातून निसटून युट्रेख्तमधल्या धर्मपीठांच्या मंडळींकडे गेला. ही मंडळी आसपासच्या बड्या घराण्यांची. त्यामुळे गादी रिकामी झाली की हॉलंडचा काउंट आपला माणूस पुढे करायचा, गेल्डर्सचा काउंट आपला.

राज्य मोठं, पण धनी दर काही वर्षांनी बदलणारा, बहुधा कुणाच्या तरी उपकाराखाली दबलेला आणि कर्जात बुडालेला. हाताखालच्या सरदारांना याहून सोयीची परिस्थिती कोणती? पश्चिमेला हॉलंडचं काउंटपद मात्र वंशपरंपरागत होतं आणि पिढीगणिक बळकट होत होतं. ॲम्स्टेलची जहागीर नेमकी या दोघांच्या सीमेवर पडत होती.

ॲम्स्टेलच्या त्या दलदलीत एवढं मोलाचं काय होतं?

जमीन आणि पाणी, दोन्ही. हा सगळा भाग पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या, भुसभुशीत थरांचा. अकराव्या शतकापासून शेतकऱ्यांनी समांतर चर खणून तिथलं पाणी काढलं आणि शेतं तयार केली. पण पाणी काढलं की अशी जमीन खचत जाते, आणि जमीन खचली की समुद्राचं पाणी आत येतं. मग बंधारे, झडपा, बांध घालणं आलं. ॲम्स्टेलच्या मुखावरचा बांध हा याच धडपडीतून १२६४ ते १२७५ च्या दरम्यान कधीतरी उभा राहिला.

बांध झाला की जहाजं तिथे अडतात. अडली की माल उतरतो, आणि माल उतरला की जकात घेता येते. पूर्वेकडून वाहणारी फेख्त नदी तर युट्रेख्त शहराचा समुद्राकडे जायचा मार्ग होती. या पाण्यावर ज्याचा पहारा, त्याच्या पेटीत पैसा.

मग खाइसब्रेख्त मोठा झाला तो कशाच्या जोरावर?

बिशपच्या कर्जाच्या जोरावर, असं मी एका वाक्यात सांगेन.

१२६७ मध्ये युट्रेख्तच्या गादीवर यान फान नासाऊ याची निवड झाली. त्याचा रीतसर धार्मिक अभिषेक कधीच झाला नाही. वीस वर्षांहून अधिक काळ तो 'निवडून आलेला' एवढाच राहिला. तिजोरीत खडखडाट होता. पैसे उभे करायला त्याने किल्ले गहाण टाकायला सुरुवात केली. फेख्तकाठचा फ्रेलांटचा किल्ला त्याने खाइसब्रेख्तकडे गहाण ठेवला आणि मॉन्टफोर्टचा किल्ला हर्मन फान वुर्डनकडे. हा हर्मन खाइसब्रेख्तचा शेजारी, सोयरा आणि आयुष्यभराचा साथीदार.

यातला फ्रेलांटचा किल्ला नीट लक्षात ठेवा. आधीच्या बिशपने, हेन्ड्रिक फान फियांडनने, १२५० च्या दशकात तो बांधला होता आणि तो बांधण्याचं कारणच मुळी ॲम्स्टेल घराण्याला वेसण घालणं हे होतं. खाइसब्रेख्तच्या बापाने, तिसऱ्या खाइसब्रेख्तने, बिशपविरुद्ध शस्त्र उचललं होतं आणि मार खाल्ला होता. वीसेक वर्षांत तीच वेसण मुलाच्या हाती आली, तीही लढाई न करता, कर्जाच्या तारणापोटी. फ्रेलांटवरून येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर आता त्याची नजर होती. युट्रेख्तचे व्यापारी हैराण झाले. बिशपने किल्ला परत मागितला तेव्हा खाइसब्रेख्तने तो सोडला नाही.

शेतकऱ्यांच्या बंडाचा पुढारी एक सरदार कसा झाला?

केनेमर म्हणजे हॉलंडच्या उत्तरेकडच्या, हार्लेमजवळच्या भागातले शेतकरी. १२७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सरदारांविरुद्ध बंड पुकारलं. वेस्ट फ्रिझलंड आणि वॉटरलंडचे लोकही त्यांना मिळाले. सरदारांच्या गढ्या पाडत हा जमाव ॲम्स्टेल भागात आला. तिथे खाइसब्रेख्तने त्यांच्याशी लढण्याऐवजी त्यांचं नेतृत्व घेतलं आणि तो त्यांना युट्रेख्तकडे घेऊन गेला. शहरातले कारागीर संघ आधीच बड्या घराण्यांवर चिडलेले होते. त्यांनी संधी साधली, जुन्या सत्ताधाऱ्यांना हाकलून दिलं आणि कारभार हाती घेतला.

याला शुद्ध लबाडी म्हणणारे आहेत आणि खाइसब्रेख्त शेतकऱ्यांचा कैवारी होता असं म्हणणारेही आहेत. मला दोन्ही टोकाचं वाटतं. हाताशी शंभर-दोनशे माणसं असलेल्या जहागीरदाराच्या दारात हजारोंचा जमाव आला, तर तो एक तर गढी गमावतो किंवा जमावाच्या पुढे उभा राहतो. तो पुढे उभा राहिला, आणि जमावाचं तोंड त्याने आपल्या शत्रूकडे वळवलं. मात्र एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवी: त्याच्या मुलखातली सामान्य माणसं घराण्याशी पुढेही एकनिष्ठ राहिली. निव्वळ जुलमी धन्याच्या वाट्याला अशी निष्ठा येत नाही.

ॲम्स्टरडॅमचा सर्वांत जुना कागद याच काळातला आहे ना? त्याचा इथे काय संबंध?

थेट संबंध आहे. २७ ऑक्टोबर १२७५ रोजी काउंट फ्लोरिसने ॲम्स्टेलवरच्या बांधापाशी राहणाऱ्या लोकांना हॉलंडमध्ये स्वतःचा माल जकातीशिवाय नेण्याची मुभा दिली. कागदावर ॲम्स्टरडॅमचं नाव प्रथम येतं ते इथे. म्हणूनच शहराने २७ ऑक्टोबर २०२५ रोजी आपला ७५० वा वाढदिवस साजरा केला. मूळ कागद शहराच्या अभिलेखागारात जपून ठेवलेला आहे.

कागदात कारण दिलं आहे नुकसानभरपाईचं. नुकत्याच झालेल्या धामधुमीत या लोकांची हानी झाली होती. पण सवलत देणारा कोण आणि घेणारे कोण, ते पाहा. ही माणसं खाइसब्रेख्तच्या जहागिरीतली, ती जहागीर बिशपच्या राज्यातली, आणि मेहेरबानी करतोय शेजारचा काउंट. फ्लोरिस तलवार न उपसता ॲम्स्टेलच्या रयतेशी परस्पर नातं जोडत होता. खाइसब्रेख्तच्या पायाखालची वाळू त्या दिवसापासून सरकू लागली, असं मला वाटतं.

पाचवा फ्लोरिस कसा राज्यकर्ता होता?

कर्तबगार, धीराचा आणि महत्त्वाकांक्षी. जन्म १२५४ चा. बाप दुसरा विलेम हा जर्मनीचा राजा म्हणून निवडला गेला होता. १२५६ च्या जानेवारीत वेस्ट फ्रिझियन लोकांवर चालून जाताना होखवाउडजवळ त्याचा घोडा बर्फात फसला आणि त्यांनी त्याला तिथेच मारलं. फ्लोरिस तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. १२८२ मध्ये त्याने वेस्ट फ्रिझियन लोकांचा पराभव करून बापाचे अवशेष शोधून काढले आणि त्यांचं रीतसर दफन केलं. पुढे १२८७ च्या डिसेंबरमधल्या भयंकर पुराने वेस्ट फ्रिझलंडची दाणादाण उडाली, तेव्हा त्याने तो प्रदेश कायमचा हॉलंडला जोडला.

शेतकरी आणि शहरांतले व्यापारी यांना तो सवलती देत गेला. उमराव कुत्सितपणे त्याला 'गावंढळांचा देव' म्हणू लागले. पण त्याच्या धोरणामागे पक्का हिशेब होता. मधल्या जहागीरदारांना वगळून रयतेशी आणि शहरांशी सरळ व्यवहार करायचा, म्हणजे सारा आणि सैन्य दोन्हीसाठी कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. खाइसब्रेख्तसारख्या मधल्या माणसाला या राज्यपद्धतीत जागाच नव्हती.

खाइसब्रेख्तची कैद कशी झाली?

बिशपने १२७९ मध्ये फ्लोरिसची मदत मागितली. फ्लोरिस याच बोलावण्याची वाट पाहत असणार. १२८० मध्ये त्याच्या फौजेने फ्रेलांटला वेढा घातला. किल्ला लढवत होता खाइसब्रेख्तचा भाऊ आर्नाउट. खाइसब्रेख्त बाहेरून वेढा फोडायला आला आणि लूनन गावापाशी पकडला गेला. भाऊच शत्रूच्या हाती पडल्यावर आर्नाउटचा धीर सुटला; त्याने किल्ला खाली केला. हर्मन फान वुर्डनचं मॉन्टफोर्ट बराच काळ झुंजलं, पण शेवटी तेही पडलं. हर्मन पळून गेला.

आता बिशपकडे युद्धाचा खर्च द्यायलाही पैसे नव्हते. त्याने ॲम्स्टेल आणि वुर्डनचा मुलूख फ्लोरिसकडे गहाण टाकला. सरदाराकडून किल्ला सोडवायला त्याने काउंटला बोलावलं आणि त्या भरीत अख्खा मुलूख काउंटला देऊन बसला. खाइसब्रेख्तची पुढची सुमारे पाच वर्षं तुरुंगात गेली.

सुटका कोणत्या अटींवर झाली?

१२८५ च्या तहावर. काउंटशी एकनिष्ठ राहण्याची शपथ त्याला घ्यावी लागली. मौडनसारखी मोक्याची ठिकाणं गेली. सगळ्यात जड अट अशी होती की घराण्याची जी खाजगी, कुणाचंही देणं नसलेली मालमत्ता होती, ती त्याने काउंटच्या स्वाधीन करायची आणि मग काउंटकडून जहागीर म्हणून परत घ्यायची.

वरवर पाहता फार काही बदललं नाही. तीच शेतं, तीच घरं, तेच लोक. पण सरंजामी व्यवस्थेत मालकी आणि जहागीर यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. मालकीची वस्तू धन्याशी भांडण झालं तरी तुमची राहते. जहागीर ही शपथेवर टांगलेली असते. शपथ मोडली की ती जाते, आणि शपथ मोडली की नाही हे धनी ठरवतो.

माझं म्हणणं असं आहे की खाइसब्रेख्तचा अस्त १२८५ मध्येच झाला. अकरा वर्षांनंतरचा खून हा त्या अस्ताचा शेवटचा अंक आहे. बहुतेक ठिकाणी गोष्ट खुनापासून सांगायला घेतात, आणि मग तो एका रात्रीत विश्वासघातकी झालेला माणूस वाटतो. ज्याच्या पणजोबाने चाकरीतून वर यायला सुरुवात केली, त्या माणसाला पुन्हा चाकर केलं गेलं होतं, आणि त्यावर त्याची सही घेतली होती.

मग मधली अकरा वर्षं तो शांत होता?

होता. हर्मनलाही १२८८ मध्ये माफी मिळाली. दोघं काउंटच्या दरबारात वावरत होते, त्याच्या कामी येत होते. फ्लोरिसने त्यांच्यावर विश्वास टाकला होता, हे त्याच्या शेवटच्या दिवसांवरून दिसतंच.

१२९६ चा कट नेमका कुणी रचला? इंग्लंडचा यात हात होता का?

होता. इथे कथा ॲम्स्टेलच्या चिखलातून एकदम युरोपच्या राजकारणात जाते.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड आणि फ्रान्सचा चौथा फिलिप यांच्यात युद्ध पेटलेलं. फ्लोरिस आधी एडवर्डच्या बाजूला होता. त्याचा मुलगा यान इंग्लंडच्या दरबारात वाढत होता आणि त्याचं एडवर्डच्या मुलीशी, एलिझाबेथशी, लग्न ठरलं होतं. डॉर्ड्रेख्तच्या बंदरात इंग्लिश लोकरीचा ठोक बाजार भरत होता, तो हॉलंडच्या दृष्टीने सोन्याची खाण होता. पण एडवर्डला फ्लँडर्सची मैत्री अधिक मोलाची वाटू लागली, आणि फ्लँडर्सचा काउंट तर फ्लोरिसचा झीलंड या मधल्या बेटांच्या प्रदेशावरून हाडवैरी. एडवर्डने लोकरीचा बाजार हॉलंडबाहेर, दक्षिणेच्या ब्राबांटकडे हलवला. दुखावलेला फ्लोरिस १२९६ च्या जानेवारीत फ्रान्सला जाऊन मिळाला.

एडवर्डला आता फ्लोरिस नको होता, आणि वारस तर त्याच्या घरातच होता. बोलणी कांब्रे इथे झाली. त्यात पुढाकार यान फान कौक या ब्राबांटच्या सरदाराचा होता. बेत असा की फ्लोरिसला पळवायचं, देशाबाहेर न्यायचं आणि कोवळ्या यानला गादीवर बसवायचं. हे तडीस न्यायला काउंटच्या जवळ जाऊ शकणारी माणसं हवी होती. हर्मन, खाइसब्रेख्त आणि खेरार्ड फान फेल्झन ही ती माणसं. तिघांकडेही आपापली जुनी दुखणी होती.

त्या पाच दिवसांत काय घडलं?

२३ जूनला फ्लोरिस युट्रेख्तमध्ये होता. खाइसब्रेख्त, हर्मन आणि त्यांचे तिथले जुने वैरी यांच्यात समेट घडवायला तो मुद्दाम आला होता. समेट झाला, जेवणावळ झाली, काउंट दुपारची झोप घ्यायला गेला. मेलिस स्टोके हा काउंटच्या पदरी असलेला लेखनिक. त्याने हा सगळा प्रसंग आपल्या पद्यबखरीत लिहून ठेवला आहे. तो सांगतो की झोपलेल्या काउंटला उठवायला खाइसब्रेख्त गेला: पक्षी भरपूर आहेत, ससाणे घेऊन शिकारीला चला. निघण्यापूर्वी फ्लोरिसने त्याच्यासोबत संत गर्ट्रूडच्या नावाचा निरोपाचा प्याला घेतला. हा प्याला प्रवासाला निघताना स्नेहाची खूण म्हणून घेत असत. खाइसब्रेख्तने तो प्यायला.

स्टोके काउंटचा माणूस, आणि ही बखर काउंटच्या वंशासाठीच लिहिलेली, हे धरूनच तिच्याकडे पाहायला हवं. तरीही या एका प्रसंगापाशी मी प्रत्येक वेळी अडखळतो. खाइसब्रेख्तची बाजू कितीही समजून घेतली तरी तो प्याला समजून घेता येत नाही.

शहराबाहेर माळावर दबा धरून बसलेले स्वार पुढे आले. हर्मनने काउंटच्या घोड्याचा लगाम धरला. फ्लोरिसला आधी ही थट्टा वाटली. त्याला मौडनच्या किल्ल्यात नेऊन कोंडण्यात आलं. किल्ला त्यानेच बांधलेला, आणि तोही ॲम्स्टेल घराण्याकडून काढून घेतलेल्या मौडनच्या जमिनीवर. तिथून जहाजाने त्याला देशाबाहेर न्यायचा विचार होता.

पण बातमी फुटली. आसपासच्या गावांतले लोक, शेतकरी, कोळी, हातात मिळेल ते घेऊन किल्ल्याभोवती जमू लागले. समुद्राचा मार्ग धोक्याचा झाला. २७ जूनला सरदारांनी काउंटला घोड्यावर बांधून जमिनीवरून पळवायचं ठरवलं. मौडरबेर्खजवळ नार्डनकडून आलेला जमाव आडवा आला. काउंट हातचा जाणार हे पाहून फेल्झनने तलवार चालवली. चर ओलांडताना काउंटचा घोडा फसला होता, त्याला हलता येईना. विसाहून अधिक जखमा झाल्या. पकडणारे पळाले आणि सोडवायला आलेल्या लोकांच्या हाती मरणासन्न काउंट लागला.

खून आधीपासून ठरलेला होता का?

सगळ्या हालचाली उलट सांगतात. मारायचाच होता तर युट्रेख्तच्या माळावर मारता आला असता, चार दिवस सांभाळायची काय गरज? जिवंत फ्लोरिस हे त्यांचं एकमेव चलन होतं. त्याला ओलीस ठेवून सौदा करता आला असता, इंग्लंडकडून मोबदला मागता आला असता. तो मेला त्या क्षणी तिघांच्या हातात काहीही उरलं नाही. फेल्झनच्या तलवारीने काउंटबरोबर खाइसब्रेख्तचंही भवितव्य संपवलं.

फ्लोरिसने फेल्झनच्या बायकोवर अत्याचार केला म्हणून हा सूड होता, असं ऐकलं. खरं का?

ही कथा फार लोकप्रिय झाली, लोकगीतात आली, नाटकात आली. पण स्टोकेच्या समकालीन बखरीत खुनाचं हे कारण सापडत नाही. कथा नंतर वाढत गेली. लोकांना राजकीय खुनामागे घरगुती दुखणं हवं असतं, कारण लोकरीच्या बाजारापेक्षा ते पटकन कळतं. फेल्झन हा हर्मनचा जावई होता, एवढं मात्र लक्षात घ्यावं. कटात आप्तसंबंधांचा धागा होता.

कटवाल्यांचं पुढे काय झालं?

फेल्झनने लूननजवळच्या क्रोनेनबुर्ग किल्ल्याचा आसरा घेतला. किल्ल्याला वेढा पडला, तो हाती लागला आणि त्याला लेडनमध्ये देहदंड झाला. त्याला खिळे ठोकलेल्या पिंपात घालून फिरवलं ही दंतकथा. यान फान कौक हॉलंडचा प्रजाजन नव्हता, त्याला काही झालं नाही. ज्याच्यासाठी सगळं केलं त्या एडवर्डने १२९७ च्या जानेवारीत मुलीचं लग्न यानशी लावून दिलं आणि जावयाला हॉलंडला पाठवलं. हा पोरगेला काउंट १२९९ च्या नोव्हेंबरमध्ये वारसाशिवाय मेला आणि हॉलंड दक्षिणेकडच्या एनो प्रांताच्या आव्हेन घराण्याकडे गेलं.

खाइसब्रेख्त आणि हर्मन देशोधडीला लागले. जमिनी जप्त झाल्या. दोघंही ब्राबांटच्या बाजूला गेले आणि परत आपल्या मुलखात मानाने राहणं त्यांच्या नशिबी आलं नाही. १२८५ च्या तहाने मालमत्तेला आधीच जहागीर करून ठेवलं होतं, त्यामुळे जप्तीला कायद्याची अडचण आली नाही.

मग ॲम्स्टरडॅमचा बचाव करणारा वीर खाइसब्रेख्त, हे कुठून आलं?

बचाव झाला, पण तो केला त्याच्या मुलाने. १३०३-०४ मध्ये फ्लेमिश फौजा हॉलंडमध्ये घुसल्या, त्या गोंधळात यान फान ॲम्स्टेल ॲम्स्टरडॅमला परतला. गावकऱ्यांनी त्याला आत घेतलं, लाकडी तटबंदी उभी केली. बापाची जमीन जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, तरी लोक घराण्याच्या मुलामागे उभे राहिले! १३०४ मध्ये वेढा पडला, गाव पडलं, यान निसटला. शिक्षा म्हणून गावकऱ्यांना आपलीच तटबंदी पाडावी लागली.

तीनशे वर्षांनी योस्ट फान डेन फोंडेल या कवीने या वेढ्यावर शोकनाट्य लिहिलं आणि त्याचा नायक केला खाइसब्रेख्तला. ३ जानेवारी १६३८ रोजी ॲम्स्टरडॅमच्या पहिल्या मोठ्या नाट्यगृहाचं उद्घाटन याच नाटकाने झालं. आधी नाताळचा मुहूर्त होता, पण रंगमंचावर कॅथलिक विधी दाखवणार म्हणून चर्चच्या मंडळींनी हरकत घेतली आणि प्रयोग पुढे गेला. तिथून १९६८ पर्यंत दर नववर्षाच्या आसपास तो होत राहिला. पिढ्यान्‌पिढ्या ॲम्स्टरडॅमकरांनी नव्या वर्षाची सुरुवात खाइसब्रेख्तला पाहून केली. या ओढीने बापाच्या कपाळावरचा डाग पुसला आणि मुलाचं नाव मात्र झाकोळून टाकलं. यानविषयी कुणी विचारतच नाही, याची मला खंत वाटते.

जप्त झालेल्या जहागिरीचा वारस कोण?

ती आव्हेन घराण्यातल्या नव्या काउंटच्या भावाला, गी द आव्हेनला मिळाली. त्यानेच १३०० च्या सुमाराला ॲम्स्टरडॅमला शहराचे हक्क दिले. १३०१ मध्ये तो युट्रेख्तचा बिशपही झाला. म्हणजे बिशपची सत्ता आणि ॲम्स्टेलची जहागीर काही काळ एकाच माणसाकडे आली. १३१७ मध्ये तो वारला आणि ॲम्स्टेलचा मुलूख हॉलंडच्या काउंटकडे गेला. त्यानंतर शहर आणि काउंट यांच्या मध्ये जहागीरदार कधीच आला नाही.

आज यातलं काय पाहता येतं?

मौडनचा किल्ला ॲम्स्टरडॅमपासून जवळ आहे, १८७८ पासून तिथे संग्रहालय आहे. फ्लोरिसने बांधलेली वास्तू खुनानंतर काही वर्षांतच पाडली गेली. आज दिसतो तो १३७० नंतर त्याच पायावर, त्याच आराखड्याने पुन्हा बांधलेला किल्ला. त्यामुळे 'काउंटची कोठडी' म्हणून कुणी खोली दाखवली तर त्या भिंती त्या काळच्या नव्हेत, हे ध्यानात असू द्या. औडरकेर्कमधलं घराण्याचं जुनं ठाणं केनेमर लोकांनी १२०४ मध्येच उद्ध्वस्त केलं होतं.

ॲम्स्टरडॅमच्या ऐन मध्यात, न्यूवेझाइड्स कोल्क या भागात १९९४ साली बांधकामासाठी खोदताना एका मध्ययुगीन किल्ल्याचा विटांचा पाया निघाला. वर्तमानपत्रांनी लगेच 'ॲम्स्टेलच्या धन्याचा किल्ला सापडला' असं छापलं. पुढे अभ्यासकांत वाद झाला: हा ॲम्स्टेल घराण्याचा वाडा, की घराण्याला नमवल्यावर फ्लोरिसने बांधाच्या तोंडाशी बसवलेलं आपलं ठाणं? मला दुसरी बाजू अधिक पटते. पुनःपुन्हा मार खाल्लेल्या, कैदेतून सुटलेल्या जहागीरदाराला असा भक्कम विटांचा किल्ला बांधू देईल, असा काउंट फ्लोरिस नव्हता.